सांगलीच्या मे महिन्यात टिकणारा ओव्हरक्लॉक: व्होल्टेजची सेटिंग्ज

एएमडीचा रायझेन ५ ३६०० हा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेगाने, सहाही कोअरवर ४.२ गिगाहर्ट्झला चालवायचा होता. बॉक्समधला कूलर काढून टॉवर कूलर लावला. मदरबोर्ड साधा, बी४५० चिपसेटचा. मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झच्या मूळ क्लॉकला गुणणारा आकडा) ४२ करायला दोन सेकंद लागतात, खरं काम बायोसमधल्या (मदरबोर्डच्या सेटिंग स्क्रीनमधल्या) व्होल्टेजच्या पानावर.

आधी ‘ऑटो’ काढलं. आपली चिप चांगली की सुमार हे बोर्डाला कळत नाही, म्हणून तो सुमार चिपसुद्धा चालेल एवढं व्होल्टेज ढकलतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२५ चं १.३५ केलं तर व्होल्टेज ८ टक्केच वाढतं, पण त्याच क्लॉकला उष्णता साधारण १७ टक्के.

सीपीयू कोअर व्होल्टेज १.२५ पासून ०.०१२५ च्या पायरीने चढवलं. १.२६२५ ला सिनेबेंच ही चाचणी पार पडली, पण प्राइम९५ या जास्त कडक चाचणीच्या स्मॉल एफएफटी प्रकारात वर्कर (तिची समांतर चालणारी कामं) बंद पडत होते. शेवटी १.३० वर थांबलो. सतत पूर्ण लोड असेल तर या चिपला १.३२५ च्या वर न्यायची माझी तयारी नाही. ऑटो बूस्टमध्ये १.४ च्या पुढचे आकडे दिसतात खरे, पण ते एखाददुसऱ्या कोअरच्या हलक्या कामापुरते असतात; ते पाहून सगळ्या कोअरना तेवढं देणं म्हणजे चिपचं आयुष्य कमी करणं.

बायोसमध्ये लिहिलेलं व्होल्टेज लोडखाली खाली येतं. ही घट भरून काढायला लोड-लाइन कॅलिब्रेशन ही सेटिंग असते. काही कंपन्यांत लेव्हल १ सर्वांत कडक, काहींत सर्वांत सैल, तेव्हा मॅन्युअल उघडाच. मी मधली लेव्हल ठेवली. फार कडक ठेवली की लोड सुटताक्षणी व्होल्टेज वर उसळतं, आणि ती उसळी सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. लोडखालचा आकडा एचडब्ल्यूइन्फो६४ या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या एसव्हीआय२ टीएफएन या ओळीत वाचायचा.

कोअर स्थिर होईपर्यंत एक्सएमपी (रॅमची तयार वेगवान सेटिंग) बंद ठेवलं, नाहीतर दोष कोणाचा ते कळत नाही. मग वेग रॅमचा ३६००, फॅब्रिकचा (चिपमधले भाग जोडणाऱ्या दुव्याचा) १८००; व्होल्टेज डीरॅमचं (रॅमचं) १.३५, एसओसीचं (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं) १.१ आणि व्हीडीडीजी (फॅब्रिकचं) १.०५. व्हीडीडीजी एसओसीपेक्षा निदान ०.०५ ने कमी हवं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए (हार्डवेअर एररची नोंद) १८ आलं आणि मशीन रीस्टार्ट झालं तर आधी कोअर व्होल्टेज तपासतो. १९ आलं तर बहुधा फॅब्रिक. मेमटेस्ट८६ या रॅमच्या चाचणीत एकही एरर चालत नाही.

लाइट कमी-जास्त होतो म्हणून मशीन अडकतं, असं इकडे सर्रास ऐकू येतं. पण चांगला एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) १८० व्होल्टलाही १२ व्होल्टच देतो, त्यापुढे ते कोअरच्या व्होल्टेजपर्यंत उतरवायचं काम मदरबोर्डवरच्या व्हीआरएमचं. यूपीएस हवा तो बायोस अपडेटच्या वेळी लाइट जाऊ नये म्हणून.

उन्हाळा मात्र खरा परीक्षक. जानेवारीत खोली २५ अंशांवर असते, मेमध्ये ३६ वर, आणि चिपचं तापमान जवळपास तेवढंच वर सरकतं. या चिपची मर्यादा ९५ अंश आहे. थंडीत प्राइम९५ मध्ये ८० च्या आत राहिलं तरच सेटिंग कायम करतो. व्हीआरएमवर हीटसिंक नसेल तर केसचा मागचा पंखाही हवा.

बायोस अपडेट केलं की सेव्ह केलेली प्रोफाइल बहुतेक वेळा उडते, म्हणून व्होल्टेजच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवले आहेत.