तुम्ही विचारलंत म्हणून : अग्निशामक दलात जायचं तर शिकायचं काय?

मी गोव्याच्या अग्निशामक दलातून निवृत्त झालोय हे कळलं की डिचोलीच्या बाजारात असो, कुणाकडे चवथीला असो, पालक हमखास विचारतात, "मुलाला बारावीनंतर फायरमध्ये घालायचंय, कुठला कोर्स करू दे?" पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "अभ्यासात बेताचाच आहे, पण अंगाने दणकट आहे."

मला आधी या दुसऱ्या वाक्याबद्दल बोलायचंय. दणकटपणा हवाच. 63 मिलिमीटर व्यासाचा 15 मीटर होज, म्हणजे आगीवर पाणी मारायचा पाइप, भरला की आतल्या पाण्याचंच वजन 45 किलोच्या वर जातं, आणि तो ओढत जिना चढायचा असतो. पण आगीपुढे नुसता दणकट माणूस स्वतःचा जीव घालवतो आणि सोबत्याचाही. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती साधारण 1700 लिटर जागा व्यापते. बंद खोलीत पाणी कुठे मारायचं, किती वेळ मारायचं, हे त्या आकड्यावर ठरतं. चुकलं तर तीच वाफ उलटून अंगावर येते. हॉटेलच्या किचनमध्ये कढईतलं तेल पेटलं आणि कुणी घाबरून पाणी ओतलं, तर पाणी तळाशी जाऊन फुटतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडतं. यातलं बरंचसं शाळेच्या विज्ञानातच असतं. म्हणून अभ्यासात बेताच्या मुलाला मी नाही म्हणत नाही, अभ्यासाला बसवा म्हणतो.

पाठीवरच्या श्वसन संचाचंच घ्या. 6 लिटरचा सिलिंडर 300 बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) भरला की सुमारे 1800 लिटर हवा मिळते. मिनिटाला 40 लिटर धरले तर कागदावर 45 मिनिटं. धापा टाकत काम करणाऱ्याची हवा त्याच्या कितीतरी आधी संपते. हवा कमी झाली की शिट्टी वाजते, पण शिट्टीची वाट बघत आत राहायचं नसतं. आत यायला किती लागली, परतायला किती लागेल, हा हिशेब मास्कच्या आत चालू ठेवावा लागतो. प्रशिक्षणात धुराने भरलेल्या काळोख्या खोलीत रांगायला लावतात. तिथे चाचपायला तळहात नाही, हाताची मागची बाजू पुढे करायची. कारण उघड्या वायरीला तळहात लागला तर विजेने मूठ तिच्यावरच आवळते. हे वाचून अंगवळणी पडत नाही, उस्तादासमोर पुन्हापुन्हा करावं लागतं. डिसेंबर 2025 मध्ये हडफड्याच्या नाइट क्लबच्या आगीत 25 जण गेले, त्यातले बरेच धुराने गुदमरून. धूर काय करतो हे आपल्या गोव्याला आता वेगळं सांगायला नको.

आता कॉलेज. पदवी घ्यायची तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. ते केंद्रीय गृह मंत्रालयाचं आहे. तिथे फायर इंजिनिअरिंगची पदवी मिळते, आणि सेवेतल्या अधिकाऱ्यांचे अभ्यासक्रमही तिथेच चालतात. मुलीचे वडील चाचरत विचारतात, त्यांना मी हर्षिनी कान्हेकरांचं नाव सांगतो. 2002 साली त्या कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी, पुढे ओएनजीसीत फायर ऑफिसर झाली. मुलीला बेलाशक पाठवा.

ज्याला जवान म्हणून भरती व्हायचंय त्याने मात्र आधी जाहिरात वाचावी, मग पैसे भरावेत. 'शंभर टक्के नोकरी' म्हणून सहा महिन्यांचा डिप्लोमा विकणारे खूप आहेत. शेतीचा तुकडा विकून फी भरलेले आईबाप मी पाहिलेत, आणि ते प्रमाणपत्र भरतीत कुणी विचारलंही नाही. याचा मला अजून राग येतो. आमच्या गोव्याच्या दलात निवड झाली की प्रशिक्षण खातंच देतं. गोव्यात सरकारी जागेला कोंकणी यावी लागते, रहिवासी दाखला लागतो. तो आधी काढून ठेवा. उंची, छाती, नजर आधीच तपासून घ्या. दाबोळी-मोपाच्या विमानतळावर जायचं असेल तर ते प्रशिक्षण वेगळं, तिथे धावपट्टीवर तीन मिनिटांच्या आत पोचायचं असतं. वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांना आणि मोठ्या हॉटेलांनाही जाणकार माणसं लागतात.

पदवीवाल्यांकडून मला सगळ्यात जास्त आशा आहे ती नकाशाच्या टेबलावर. बाहेर पडायचा जिना किती रुंद, दुसरा रस्ता कुठे, बंब आत वळेल का, हे इमारत उभी राहण्याआधी ठासून सांगणारा आणि कुणाच्या दबावाला न बधणारा अधिकारी जेवढे जीव वाचवतो, तेवढे होज धरून वाचवता येत नाहीत.

बारावीपर्यंत मुलाला पोहायला शिकवा, रोज पळायला लावा, उंचीची भीती आहे का बघा. पावसाळ्यात आमचे निम्मे दिवस रस्त्यावर पडलेले माड कापण्यात आणि विहिरीतली गुरं काढण्यात जातात, मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागा पेटतात. 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ 14 एप्रिलपासून आठवडाभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो, तेव्हा केंद्रांवर प्रात्यक्षिकं होतात. मुलाला घेऊन तिथे जा, ड्युटीवरच्या पोरांशी त्याला स्वतःला बोलू दे, तुम्ही जरा बाजूला थांबा.