माझ्या फ्रीजरमधली जनता वसाहत

मंगळवारी दुपारी ऑटोक्लेव्हचं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्राचं, झाकण फिरवून घट्ट केलं आणि मला चक्क रडू आलं. लहान मुलांच्या शीसाठी रडणारी मी या विद्यापीठातली पहिलीच असणार. शेजारी आमची लॅब मॅनेजर उभी होती. साठीची इंग्लिश बाई. ती काही बोलली नाही. खिशातून टिश्यू काढून ओट्यावर ठेवला, घड्याळात बघितलं आणि फॉर्मवर वेळ लिहिली: २.१०.

रडणं हे मंगळवारचं. त्याआधी तीन आठवडे मी नुसती धुमसत होते.

झालं असं की विद्यापीठाकडून एक ईमेल आलं. प्रत्येक लॅबने आपले फ्रीजर तपासा. विष्ठा, घशातले स्वॅब, सांडपाणी यांतलं काहीही असेल, मग ते कशासाठीही गोळा केलेलं असो, तर कुठल्या देशातलं आणि कुठल्या सालचं ते कळवा. सोबत जागतिक आरोग्य संघटनेचा देशवार तक्ता. आपला देश शोधायचा, साल ताडून बघायचं. जुळलं, तर त्या नमुन्यात पोलिओचा विषाणू असू शकतो असं धरायचं. आहे की नाही हा प्रश्नच नाही, असू शकतो एवढं पुरे. मग एक तर कडेकोट बंदोबस्ताच्या लॅबमध्ये हलवा, नाहीतर नष्ट करा.

माझ्याकडे ८१ खणांचे तीन डबे होते. एकूण २१२ ट्यूब्स. २०१४ साली पीएचडीसाठी पुण्यात गोळा केलेले, जुलाब झालेल्या दोन वर्षांखालच्या मुलांचे नमुने. रीतसर परवानग्या घेऊन, ड्राय आइसमध्ये बसून, माझ्यामागोमाग इथे इंग्लंडला आलेले. त्यातले निम्मे पर्वतीखालच्या जनता वसाहतीतले. झाकणांवर माझ्याच अक्षरात ‘जव-१’, ‘जव-२’. इथल्या पोरांना देवनागरी वाचता येत नाही, त्यामुळे माझ्या डब्यांना कुणी हात लावत नसे, हा एक फायदाच होता.

तक्त्यात भारत सापडला. साल जुळलं. आणि माझं डोकं फिरलं.

का फिरलं ते सांगते. माझ्या मागच्या रांगेत एकाचे इंग्लंडमधल्याच मुलांचे त्याच सालचे नमुने आहेत. त्याला फॉर्मवर एक टिकमार्क करून मोकळं केलं. मला चार पानं. कोणी गोळा केले, कुठे, मुलांचं वय काय, कोणत्या तापमानाला ठेवले, कोणकोण हाताळतं, किल्ली कोणाकडे असते. जणू मी पुण्याहून बाळांची शी नव्हे, जिलेटिनच्या कांड्या आणल्यात. सेफ्टीवाला मुलगा नम्रपणे म्हणाला, ‘यात वैयक्तिक काही नाही.’ मला ते फार वैयक्तिक वाटलं. ज्या देशाने पोलिओ घालवला त्या देशाची शी संशयित? आपल्याकडची शेवटची केस १३ जानेवारी २०११ची, हावड्यातली एक लहान मुलगी. २७ मार्च २०१४ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. माझे नमुने त्यानंतरच्या पावसाळ्यातले!

हे सगळं मी त्याला सुनावलं. आणि सुनावताना मला पुरतं ठाऊक होतं की नियम बरोबर आहे. माझा पगारच एंटेरोव्हायरस, म्हणजे पोलिओच्या कुळातले विषाणू, कळण्याबद्दल आहे.

पोलिओचे प्रकार तीन. त्यातला टाइप २ नैसर्गिक रूपात जगात शेवटचा दिसला तो १९९९मध्ये, अलीगढला. २०१५मध्ये तो संपल्याचं जाहीर झालं. पण तोंडावाटे देतात त्या थेंबांत दुबळा केलेला जिवंत टाइप २ होताच. बाळ तो काही आठवडे शीतून बाहेर टाकत राहतं. लसीकरण कमी असलेल्या वस्तीत तो एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला, तर बदलत बदलत पुन्हा पाय लुळा करण्याइतका खट होऊ शकतो. म्हणून एप्रिल २०१६मध्ये जगभरात थेंबांतून टाइप २ काढून टाकला. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या आतड्यात त्याला अडवणारं फारसं काही नाही. आणि हा विषाणू नाजूक नाही. पोटातल्या आम्लाला दाद देत नाही, क्लोरोफॉर्मलाही नाही, थंडीत तर वर्षानुवर्षं टिकतो. नेदरलँड्समध्ये २०१७ साली लस बनवण्याच्या ठिकाणी टाइप २ सांडला, तर एका कामगाराला संसर्ग झालाच. म्हणजे २०१४च्या पावसाळ्यातली पुण्यातली दोनशे बाळं, त्यांना नुकतेच पाजलेले थेंब, आणि माझा मायनस ८०चा फ्रीजर. त्यातल्या काही ट्यूब्समध्ये टाइप २ असणारच. कसा नसेल? ते थेंब ज्या बूथवरून जात, त्यावर मीच बसलेय.

कॉलेजात एनएसएसमध्ये असताना पोलिओ रविवारी आमची ड्युटी त्याच जनता वसाहतीत लागायची. मंडळाच्या मांडवात टेबल, थर्मासच्या डब्यात बर्फ, आणि डाव्या करंगळीला लावायचं जांभळं मार्कर, जे दुपारपर्यंत आमच्याच बोटांना जास्त लागलेलं असायचं. आज्या भांडायच्या. ‘मागच्या महिन्यात दिला की! किती वेळा पाजता गं लेकराला?’ मला तेव्हा उत्तर येत नव्हतं. पुढे कळलं की वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन सत्तरच्या दशकापासून सांगत होते, आपल्याकडच्या मुलांना तीन थेंबवाऱ्या पुरत नाहीत. पाश्चात्त्य आकडे इथे लागू पडत नाहीत. त्या आज्यांना द्यायचं उत्तर भारतातच तयार होतं, आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं एवढंच.

असो. चिडलेल्या माणसाला बरोबर नियम जास्त टोचतो. मग मी इथल्यांना २०२२ची आठवण करून द्यायला लागले. त्या वर्षी फेब्रुवारीपासून लंडनच्या बेक्टन सांडपाणी केंद्रात हाच टाइप २ पुन्हा पुन्हा सापडत होता. ऑगस्टमध्ये लंडनमधल्या एक ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना जादा इंजेक्शन द्यावं लागलं. मी चहाच्या वेळी हा विषय काढायचे. तीन आठवड्यांत पाच वेळा काढला. मॅनेजरबाई एकदा शांतपणे म्हणाली, ‘हो, माझ्या नातवाला दिलं ते इंजेक्शन.’ मग मी गप्प बसले. इथे थेंब २००४मध्येच बंद झाले, तेव्हा तो विषाणू कुठूनतरी बाहेरून आलेला, हेही त्या चार पानांच्या बाजूनेच जातं. ते मी चहाला बोलले नाही.

आणखी एक गोष्ट मी फॉर्मवर लिहिली नाही. ‘वाहतुकीचा इतिहास’ असा एक रकाना होता. इथे एक ट्यूब एका खोलीतून समोरच्या खोलीत न्यायची तर दोन झाकणांचा डबा, कोट, आणि नोंदवहीत सही. पुण्यात २०१५च्या एका गुरुवारी (पुण्यात दुरुस्तीसाठी वीज गुरुवारीच बंद ठेवायचे, हे पुणेकरांना सांगायला नको) आमच्याकडचे लाईट गेले, जनरेटरही बसला आणि फ्रीजरचा अलार्म ठणाणा करायला लागला. मी तेच तीन डबे थर्माकोलच्या खोक्यात घातले, वर ड्राय आइस ओतला, आणि ॲक्टिव्हाच्या पायाशी खोकं दाबून धरून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मैत्रिणीच्या लॅबमध्ये नेले. विद्यापीठ चौकात पंधरा मिनिटं अडकले होते. खोक्यातून पांढरी वाफ येत होती. शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, ‘मॅडम, कुल्फी का?’

इतकी वर्षं ही गोष्ट मी इथे पार्ट्यांमध्ये मोठ्या ऐटीत सांगत आलेय. बघा, आम्ही कशातून काम करतो! एक ट्यूब वितळू दिली नाही! या वेळी त्या रकान्यासमोर बसल्यावर ती ऐटीत सांगता येईना. खोकं चौकात पडलं असतं तर? त्या काळी पुण्यात घरोघरच्या बाळांच्या पोटात तोच विषाणू होता, त्यामुळे काही बिघडलं नसतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती खरीही आहे. तरी रकान्यात ‘लागू नाही’ लिहून पुढे गेले.

नमुन्यांतून आरएनए, म्हणजे विषाणूची जनुकीय माहिती, वेगळा काढून ठेवलेल्या ट्यूब्स मात्र ठेवू दिल्या. त्यातही गंमत आहे. पोलिओचा आरएनए म्हणजे साडेसात हजार अक्षरांची एकच पट्टी, आणि पेशी ती थेट वाचू शकते. नुसती पट्टी पेशीत शिरली तरी अख्खा विषाणू तयार. म्हणून लिहून द्यावं लागलं की ही पट्टी मी कुठल्याही पेशीत घालणार नाही. दिलं लिहून. पण पट्टी म्हणजे कागद झाला. पुण्यात याच नमुन्यांतले विषाणू मी आरडी पेशींत, म्हणजे लॅबमध्ये वाढवतात त्या एका जातीच्या मानवी पेशींत, वाढवायचे. सकाळी फ्लास्क मायक्रोस्कोपखाली धरला की आदल्या दिवशी शेवयांसारख्या लांबट पसरलेल्या पेशी फुगून गोल झालेल्या असत, भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या, आणि तळ सोडून तरंगायला लागलेल्या. ते बघण्यासाठी मी सात वाजता बस पकडायचे. आता त्या ट्यूब्समधून कधीच काही वाढणार नाही.

मंगळवारी १२१ अंशांवर सगळं झालं. पिशवीवरच्या टेपच्या तिरक्या रेघा काळ्या पडल्या, म्हणजे पिशवी तापली. त्याआधी मॅनेजरबाईने विचारलं होतं, ‘झाकणांचा फोटो काढायचाय का तुला?’ मला सुचलं नव्हतं. तिने स्वतः हातमोजे घालून तिन्ही डबे हुडखाली उघडे ठेवले, ट्यूब्स सरळ फिरवल्या, देवनागरी उलटी की सुलटी हेही विचारलं. पुण्यात माझ्यासाठी असं कुणी केलं असतं का? केलं असतं, पण आधी तीन जणांनी टोमणे मारले असते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाहीये. ‘दोन वर्षांत परत येते’ म्हणून निघाले त्याला सात वर्षं होतील, आणि न परतण्याची कारणं मी अधूनमधून अशी गोळा करत असते.

फोटो सुलूआत्याला पाठवला. तिला १९६१मध्ये, तिसऱ्या वर्षी, सदाशिव पेठेतल्या घरी पोलिओ झाला. ताप आला, डॉक्टरांनी कमरेत इंजेक्शन टोचलं आणि दोन दिवसांत तोच पाय गेला. आजी जन्मभर त्या इंजेक्शनला शिव्या घालायची. घरचे हसायचे. संसर्ग अंगात असताना स्नायूत सुई टोचली तर त्याच पायाला लकवा होण्याचा धोका वाढतो, हे मी पुस्तकात वाचलं तोवर आजी गेली होती.

आत्याचा लगेच फोन आला. मी सगळं सांगितलं, चार पानं, तक्ता, सह्या.

‘एवढ्या सह्या माझ्या कॅलिपरलासुद्धा लागल्या नव्हत्या,’ ती म्हणाली. मग थोडं थांबून, ‘ए, मला झाला तो कितवा गं? एक, दोन की तीन?’

इतकी वर्षं मी पोलिओवर काम करतेय आणि हे तिने कधी विचारलं नव्हतं, मीही नाही. म्हटलं, तेव्हा कुणी तपासलंच नाही, पण बहुतेक एक. लकवा जास्त तोच करतो.

‘आणि तू आज जाळलास तो?’

‘दोन.’

‘मग माझा अजून आहे?’

‘आहे. पाकिस्तानात आणि अफगाणिस्तानात.’

‘बघ. आणि मला मेलीला साधा दुबईचा व्हिसा मिळेना,’ ती म्हणाली. ‘आणि बाळ, त्या झाकणांवरचं अक्षर तुझं का? अजून कोंबडीचे पायच.’