तिठ्यावरचा ईडिपस

ग्रीक शोकांतिकेचा नायक म्हटला की ‘नियतीच्या हातचे बाहुले’ हे शब्द आपल्या तोंडी आपोआप येतात. महाविद्यालयात असताना सोफोक्लीसच्या ‘राजा ईडिपस’वर मीही परीक्षेत असेच काहीसे लिहिले होते आणि त्याला बरे गुणही मिळाले होते. (पु. ल. देशपांडे यांनी हे नाटक मराठीत आणताना ‘ओयदिपौस’ असा मूळ ग्रीकला जवळचा उच्चार घेतला. माझ्या कानाला मात्र ईडिपसच सरावलेला आहे.) यंदाच्या पावसाळ्यात ते नाटक पुन्हा सावकाश वाचले, तेव्हा त्या उत्तराची लाज वाटली. कारण या तथाकथित बाहुल्याला थांबवण्यासाठी त्याच्या भोवतीची माणसे एकामागून एक धडपडतात आणि तो कोणाचेही ऐकत नाही.

कथा अथेन्सच्या प्रेक्षकांना आधीच ठाऊक होती. कॉरिंथच्या राजाचा मुलगा म्हणून वाढलेल्या ईडिपसला एका मेजवानीत दारू चढलेला कोणी ‘तू आपल्या बापाचा नव्हेस’ असे म्हणतो. खरे काय ते विचारण्यासाठी तो डेल्फीला, अपोलो देवाची देववाणी मिळते त्या ठिकाणी, जातो, पण अपोलो त्याच्या प्रश्नाचे उत्तरच देत नाही. बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील, एवढे सांगून त्याला वाटेला लावतो. कॉरिंथकडे पाठ फिरवून निघालेला ईडिपस, डेल्फीकडचा आणि डॉलियाकडचा रस्ता जिथे एक होतात, त्या जागी येऊन पोहोचतो. कोकणात अशा जागेला तिठा म्हणतात.

तिथे समोरून घोडागाडी येते. गाडीपुढचा माणूस आणि गाडीतला म्हातारा त्याला रस्त्यावरून जबरदस्तीने हुसकू लागतात. ईडिपस चिडून त्या माणसाला मारतो, तर तो गाडीला वळसा घालून जात असताना म्हातारा नेम धरून त्याच्या डोक्यात दुटोकी पराणी हाणतो. मग काठीचा एकच फटका बसतो, म्हातारा गाडीतून उताणा खाली पडतो आणि ईडिपस समजतो की आपण सगळ्यांना मारले. अरुंद घाटात गाडी मागे कोणी घ्यायची यावरून जुंपते, त्याच जातीचे हे भांडण आहे. त्यात अपोलोचा हात कुठे दिसत नाही. दिसतो तो तापटपणा, आणि तो बापलेकांत सारखाच आहे.

ग्रीकमध्ये नियतीला मोइरा म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ वाटा, हिस्सा असा आहे. ‘वाट्याला आले’ असे आपणही म्हणतो. मात्र आपल्याकडे त्या वाट्याचा हिशेब पूर्वजन्मापर्यंत मागे नेता येतो, आणि सटवाईने कपाळी लिहिलेल्या अक्षरांमागेही काही संचित असेल असे आपण धरून चालतो. सोफोक्लीस असा हिशेब देत नाही. ईडिपसचा बाप लायस याच्या जुन्या पापाची कथा ग्रीकांत प्रचलित होती, पण या नाटकात तिचा उल्लेखही येत नाही. ॲरिस्टॉटलची ‘हामार्तिया’ म्हणजे नायकाचा स्वभावदोष, असे आम्हाला शिकवले गेले; त्या शब्दाचा मूळ अर्थ नेम चुकणे एवढाच आहे.

शिवाय नाटकाचा पडदा उघडतो, असे आपल्या भाषेत म्हणू, तेव्हा तिठ्यावरच्या त्या म्हाताऱ्याचा, म्हणजे बाप लायसचा, खून आणि त्याची विधवा, म्हणजे आपलीच आई योकास्ता, हिच्याशी लग्न होऊन कित्येक वर्षे लोटलेली असतात. डेल्फीने जे सांगितले ते घडून गेले आहे, आणि तू ते शोधून काढशील असे अपोलो त्याला म्हणाला नव्हता. लायसच्या खुन्याला हुडकत स्वतःपर्यंत येणारा हा शोध त्याचा स्वतःचा आहे. आंधळा द्रष्टा टायरेसियस रागाच्या भरात सगळे बोलून टाकतो हे खरे, पण आधी तोही ‘मला घरी जाऊ दे’ म्हणून विनवत असतो.

या शोधातली मला सर्वांत आवडलेली जागा योकास्ताच्या सांत्वनाची आहे. देववाणी खोटी ठरते हे नवऱ्याला पटवण्यासाठी ती सांगते की लायसला मुलाच्या हातून मरण होते, प्रत्यक्षात त्याला परक्या दरोडेखोरांनी तिठ्यावर मारले. तिच्या सगळ्या बोलण्यातून ईडिपस एकच शब्द उचलतो, तो म्हणजे तिठा. त्यानंतर त्याची सारी आशा व्याकरणावर येऊन ठेपते. वाचून परतलेल्या एकमेव नोकराने ‘दरोडेखोरांनी’ असे सांगितले होते, आणि एक माणूस म्हणजे अनेक माणसे नव्हेत. एका राजाचे आयुष्य काही काळ एका अनेकवचनाला टांगलेले राहते.

पुढे कॉरिंथहून आलेला दूत त्याची भीती घालवायला जातो आणि तू त्या राजाचा मुलगाच नव्हेस असे सांगून बसतो. योकास्ताला सारे उमगते, ती ‘आता पुरे कर’ म्हणून गयावया करते. तान्ह्या ईडिपसला त्या दूताच्या हाती देणारा म्हातारा गुराखीही कळवळतो की आता भयंकर ते बोलायची वेळ माझ्यावर आली. ईडिपस म्हणतो, आणि माझ्यावर ऐकायची. तरीही ऐकलेच पाहिजे. योकास्ताच्या वस्त्रावरच्या सोन्याच्या काट्यांनी डोळे फोडून घेतल्यावर तो दोन्ही गोष्टी एका दमात कबूल करतो: हे दुःख अपोलोने आणले, पण डोळ्यांवर पडलेला हात माझाच होता.

सोफोक्लीस इ.स.पू. ४०६ मध्ये नव्वदीच्या घरात वारला. स्वतःच्या जन्मगावावर, कलोनसवर, त्याने लिहिलेले ईडिपसचे दुसरे नाटक इ.स.पू. ४०१ मध्ये रंगभूमीवर आले. त्यात मुलीचा हात धरून भटकणारा म्हातारा ईडिपस म्हणतो की माझी कृत्ये मी केली त्यापेक्षा अधिक भोगली. शेवटी मेघगर्जना होते, तेव्हा तो उठतो आणि कोणाचाही हात न धरता पुढे चालू लागतो. डोळस मुली आणि अथेन्सचा राजा थीसियस त्याच्या मागून जातात. मग मुलींनाही मागे थांबावे लागते. काही वेळाने लोक वळून पाहतात तो ईडिपस तिथे नसतो, आणि पाहवू नये असे काही पाहिल्यासारखा थीसियस एकटाच डोळ्यांवर हात धरून उभा असतो.