साडेचारची हाक

मंगळवार, रात्री ११.४०. सिगारेट सोडल्याचा दिवस २३.

आज साडेचारला मला कुणी हाक मारली नाही.

झालंय ते एवढंच. आणि एवढ्यावरून संध्याकाळभर तोंड पाडून बसलो म्हणून हिची बोलणीही खाऊन झाली. ऑफिसात शेजारच्या मंग्याची खुर्ची मागे सरकली, लिफ्टचं दार उघडलं, मिटलं, आणि मजल्यावर शुकशुकाट. ‘काय, खाली?’ म्हणजे टपरीवर, चहा-सिगारेटला. दोन शब्द. इतकी वर्षं रोज ऐकले, पण ते आपल्याला ऐकू येतायत हेही कधी जाणवलं नव्हतं.

सगळ्यात जास्त लागलं ते हे, की आज मी तयार होतो. नुसता एक कटिंग प्यायला किती तयारी लागते, हे ओढणाऱ्याला सांगून पटायचं नाही. सिगारेटऐवजी चघळायचा निकोटीनचा गम आणि चहा यांचं जमत नाही. गममधलं निकोटीन गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून रक्तात जातं, आणि त्यासाठी तोंडात आंबटपणा नसावा लागतो. चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोला, यातलं काहीही ओतलं की ते नीट शोषलं जात नाही, लाळेबरोबर पोटात उतरतं. पोटात गेलेल्या निकोटीनने तलफ भागत नाही, उलट उचक्या लागतात आणि छातीत जळजळतं. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत पाण्याखेरीज काही नाही.

त्यात आणखी एक मेख. सिगारेटचं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूला जाऊन भिडतं. गमला पूर्ण चढायला वीस-तीस मिनिटं लागतात. तलफ आल्यावर गम शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. तेव्हा हिशेब उलटा करायचा. साडेचारची तलफ, तर पावणेचारला गम. सव्वाचारला तो कागदात गुंडाळून टाकायचा, चूळ भरायची. साडेचारला तोंड मोकळं, रक्तात पुरेसं निकोटीन, हातात ग्लास. हे गणित बसवायला मला तीन आठवडे लागले. आज ते मिनिटाला मिनिट बसलं. आणि लिफ्ट गेली.

चावायचीही एक रीत आहे. केमिस्ट सांगत नाही, डबीतल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. सावकाश आठ-दहा वेळा दात लावायचे. जिभेला मिरीसारखी चुरचुर लागली की थांबायचं आणि गम गाल-हिरडीच्या फटीत ठेवून द्यायचा, लोक तंबाखूचा बार धरतात तसा. मिनिटभरात चुरचुर ओसरते. मग पुन्हा थोडं चावायचं, बाजू बदलायची. असं अर्धा तास. बबलगमसारखा करकरा चावला की सगळं निकोटीन एकदम पोटात. ‘बघू रे कसा लागतो’ म्हणून मंग्याने माझ्यातला एक तसा चावला होता, आणि पुढची अख्खी मीटिंग उचक्या देत काढली. (तेव्हा तो माझ्याशी बोलत होता. असो.)

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम, त्यानंतर लागत असेल तर २. माझी पहिली आंघोळ झाल्यावर असायची, म्हणून २. बहुतेकांचं फसतं ते मात्रेत नाही, मोजणीत. गम महाग म्हणून किंवा ‘आता याची सवय लागेल’ म्हणून दिवसाला तीन-चारच घेतात आणि पाचव्या दिवशी टपरीवर दिसतात. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला निदान नऊ. चोवीसच्या वर नाही. मग तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, पुढचे तीन आठवडे चार-आठ तासांनी, आणि बंद. बारा आठवडे. माझे अजून चार पण झाले नाहीत आणि मी रुसून बसलोय.

रुसलोय हेच खरं. दुसरा शब्द शोधत होतो, सापडला नाही.

शरीराचं म्हणाल तर ते बरंच सावरलंय. रक्तातलं निकोटीन दर दोनेक तासांनी निम्मं होतं. अंगाचा खरा थयथयाट पहिले तीन दिवस, मग दोन-चार आठवडे ओहोटी. पहिल्या आठवड्यात पोट साफ होत नव्हतं (सकाळच्या सिगारेटचं खरं काम काय होतं ते तेव्हा कळलं), रात्री कोमट पाण्यात दोन चमचे इसबगोल. खोकला कमी व्हायच्या ऐवजी वाढला, कारण श्वासनलिकेतली झाडूवाली मंडळी (कफ वर लोटणारे बारीक केस) इतक्या वर्षांनी कामावर परत आली होती. भूक खवळलीय. पॅन्टबद्दल लिहायचं नाही. बाबांच्या रिपोर्टबद्दल पण आज नाही.

मात्र एक गोष्ट मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती. सिगारेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफीन जास्त वेगाने निपटवत असतं. काम धुराचं आहे, निकोटीनचं नाही, त्यामुळे गम घेत असलो तरी हा वेग उतरतोच. मग तेवढ्याच चहाचं कॅफीन जास्त वेळ अंगात राहतं. छातीत धडधड, हातांना कंप, रात्री टक्क जाग, आणि आपण समजतो ही तलफ. पहिल्या आठवड्यात मी दिवसाला सहा कप पीत होतो आणि सिगारेटच्या नावाने रडत होतो. तीनवर आणला, दोन दिवसांत धडधड गेली. दमा, डायबेटिस किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सोडल्याचं कळवावं, काहींची मात्रा बदलावी लागते.

म्हणजे साडेचारला उरते ती अंगाची तलफ नाही. घड्याळाची. मोबाईलवर मी ती मोजलीय: तीन ते पाच मिनिटं, एकदा कशीबशी सात. लाटेसारखी चढते आणि आपण काहीही केलं, काही नाही केलं, तरी उतरते. तेवढ्यात दोन जिने चढून यायचे, किंवा गार पाणी घोटघोट प्यायचं, किंवा दालचिनीची काडी बोटांत धरायची. बोटांना खरंच फरक कळत नाही, मूर्ख आहेत. बडीशेप, लवंग चालते. सुपारी नाही, ती स्वतःच कॅन्सरची आणि सवय लावणारी. एका खड्ड्यातून निघून शेजारच्यात.

हे सगळं मला पाठ आहे. पण ‘काय, खाली?’ची तलफ आली तर काय चघळायचं ते घडीच्या कागदावर नव्हतं.

नऊ वाजता भांडी लावताना सावंत आठवला.

सावंतने दोन वर्षांपूर्वी सोडली. नंतर आम्ही त्याला कधी खाली बोलावलं नाही. मी बोलावलं नाही. ‘बिचाऱ्याला कशाला त्रास’ असं म्हणालो होतो, मोठ्या मनाने, लिफ्टमध्ये, पाकीट चाचपत. मंग्याने आज तेच केलं असणार. लिफ्टमध्ये अगदी तेच म्हणाला असणार. आता यावर चिडायचं कुणी आणि कुणावर?

शिवाय त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. टपरीवर धुरात उभं राहून कटिंग पिणं ही तेविसाव्या दिवशी शहाण्याची जागा नव्हे. महाराष्ट्रात सुट्टी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे, पण त्या बरणीला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. ‘एकच’ म्हणायला लागणारा सगळा सरंजाम तिथे हाताच्या अंतरावर. मेंदूत निकोटीनसाठी वाढलेल्या खुंट्या पूर्ववत व्हायला दीड ते तीन महिने जातात, तोवर एका सिगारेटने सगळ्या पुन्हा हात पसरतात. आज हाक आली असती तर मी कटिंगवरच थांबलो असतो? पावणेचारचा गम घेऊनसुद्धा? लिहायला हरकत नाही, ही रोजनिशी आहे: माहीत नाही.

रिकामं पाकीट अजून ड्रॉवरमध्ये आहे. त्यावर तो नंबर छापलेला, १८००-११-२३५६. फुकट आहे, समुपदेशक बोलतात, नंतर स्वतःहून परत फोन करून विचारपूसही करतात. म्हणजे हाक मारणारं कुणीतरी आहे म्हणायचं, तेही पाकिटावरच. इतकी वर्षं त्या नंबरवर अंगठा ठेवून मी झाकण उघडत होतो.

फोन नाही केला. सावंतला मेसेज टाकला, ‘उद्या साडेचारला कँटीनला चहा?’

दहा मिनिटांनी उत्तर: ‘सव्वाचारला गम काढ. फुटाणे मी आणतो.’