किडनी ट्रान्सप्लान्टनंतर ‘तोंड आलंय’

किडनी बदललेल्या माणसाचं तोंड आलं की घरचे आधी मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्स आणतात. त्याआधी चांगल्या उजेडात तोंड उघडून बघा.

गालाच्या आत, जिभेवर किंवा टाळूवर नासलेल्या दुधासारखे पांढरे कण असतील, तर ओल्या गॉजने हलकेच पुसा. थर निघून खाली लालभडक, कधी जरा रक्ताळलेली जागा दिसली, तर ती बहुधा कॅन्डिडा ही बुरशी. नवी किडनी टिकावी म्हणून दिलेली टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड मिळून प्रतिकारशक्ती दाबतात; त्यात स्टेरॉइडने साखर वाढली की बुरशीचं फावतंच. जिभेच्या कडेचा पांढरा डाग पुसून निघत नसेल तर मात्र तो डॉक्टरांना दाखवाच. झुपक्याने आलेले दुखरे फोड हर्पीस या विषाणूचे असू शकतात. आणि सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस (हीही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) चालू असेल, तर त्या औषधानेही तोंड येऊ शकतं.

साध्या बुरशीला निस्टॅटिनचं पातळ औषध बरं, कारण ते पोटातून रक्तात जवळजवळ उतरतच नाही. 1 मिलीत 1 लाख युनिट असतात. मोठ्यांना सहसा 4 ते 6 मिली, दिवसातून 4 वेळा. तोंडात जमेल तितका वेळ घोळवायचं, मग गिळायचं, अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या त्याला जोडून केल्या तर दोन्ही औषधं वाया जातात. मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या. कवळी रात्री काढून, घासून ठेवा. ती तशीच राहिली तर बुरशी पुन्हा येते.

खरा घोळ होतो फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधामुळे. टॅक्रोलिमस मोडणारं यकृतातलं एन्झाइम ते अडवतं. टॅक्रोची रक्तातली लेव्हल चढते, हात थरथरतात, क्रिएटिनिन (किडनीवर ताण आल्याची रक्तातली खूण) वाढतं. म्हणून डॉक्टर टॅक्रोचा डोस कमी करतात. फ्लुकोनॅझोल संपल्यावर तो पुन्हा वाढवायचा राहिला, तर लेव्हल घसरून रिजेक्शनची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारण्याची, भीती. फ्लुकोनॅझोल सुरू झाल्यावर आणि संपल्यावर, दोन्ही वेळा लेव्हल तपासायची, रक्त सकाळच्या डोसआधी द्यायचं. क्लॉट्रिमॅझोल या बुरशीवरच्या औषधाचा माउथ पेंट निरुपद्रवी वाटतो, पण गिळला गेला तर तोही लेव्हल वाढवू शकतो. दाढेसाठी मिळणारं क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही तशीच लेव्हल वाढवतं. दाढदुखीवर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अजिबात नको, ती थेट किडनीवर येतात.

टाळूवर काळा डाग, गाल बधिर, चेहऱ्याला एका बाजूने सूज: हे म्युकरचं, म्हणजे काळ्या बुरशीचं, लक्षण असू शकतं. स्टेरॉइडमुळे ताप नसेलही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, ट्रान्सप्लान्ट युनिट गाठा.