चाक टेकलं ते राज्य

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या विमानतळावरच्या हँगरमध्ये जुना सोफा, कॉफीचं यंत्र आणि भिंतीवर राज्यांचा नकाशा या तीन गोष्टी बहुधा असतातच. नकाशात काही राज्यं रंगलेली, काही कोरी. खासगी वैमानिकाचा परवाना असलेला माणूस आपलं दोन-चार आसनी विमान घेऊन कुठे कुठे जाऊन आला, त्याचा हा हिशेब. दिसायला पोरखेळ. पण दोन वैमानिक त्या नकाशासमोर उभे राहिले की पाचव्या मिनिटाला वाद ठरलेला. आपल्याकडे किल्ले मोजणारे माचीवरून परतलेल्याला ‘बालेकिल्ला केलास का?’ म्हणून अडवतात, त्याच जातीचा हा वाद.

विमान राज्यावरून नुसतं गेलं, तर ते धरायचं का? बहुतेक जण नाही म्हणतात. चाक टेकलं पाहिजे. मग धावपट्टीला शिवून लगेच पुन्हा उडालं तर? इथे फाटे फुटतात. कोणी म्हणतं, चाक टेकलं ना, झालं. कोणी म्हणतं, इंजिन बंद करून खाली उतरलं पाहिजे. काही कडवे लोक रात्रीचा मुक्काम मागतात. प्रवासी विमानातून गेलेलं मात्र कोणीच धरत नाही. नियम कोणताही घ्या, पण पहिलं राज्य रंगवण्याआधी घ्या आणि नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. बारा राज्यं झाल्यावर नियम बदलणारा माणूस सहसा सोयीचाच नियम निवडतो.

खरा पुरावा लॉगबुकात, म्हणजे वैमानिकाच्या उड्डाणांच्या नोंदवहीत असतो. तारीख, विमानाचा प्रकार, त्याचा ‘एन’ने सुरू होणारा क्रमांक, कुठून कुठे, किती वेळ, एवढं तिथे असतंच; राज्याचा रकाना मात्र नसतो. विमानतळाचं तीन-चार अक्षरी चिन्ह लिहून माणूस पुढे जातो आणि काही वर्षांनी त्या चिन्हावरून राज्य आठवत बसतो. शेऱ्याच्या जागेत राज्याची दोन अक्षरं त्याच दिवशी टाकावीत. कारण गावाच्या नावावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. सिनसिनाटी शहर ओहायोत, पण त्याच्या नावाचा मोठा विमानतळ नदीपलीकडे केंटकीत. (लहान विमानं लंकन फील्डला उतरतात, ते ओहायोतच आहे.) सेंट लुइस डाउनटाउन विमानतळ मिसूरीत नाही, इलिनॉयमध्ये आहे. कॅन्सस सिटीचा डाउनटाउन विमानतळ कॅन्ससमध्ये नसून मिसूरीत. ओमाहाचा विमानतळ नेब्रास्कात, पण तिथून शहराकडे निघालं की वाटेत ‘आयोवा’ची पाटी लागते. १८७७च्या पुरात मिसूरी नदीने पात्र बदललं आणि आयोवाचा एक तुकडा अलीकडच्या काठावर राहून गेला. गाडीने तो तुकडा ओलांडून आयोवा रंगवणारे महाभाग असतील, तर त्यांनी कोपऱ्यातला नियम पुन्हा वाचावा.

लॉगबुक संगणकावर असेल तर काम सोपं वाटतं. एका पानावर आपली उड्डाणं, दुसऱ्यावर विमानतळांची सरकारी यादी, आणि चिन्ह जुळवून राज्य आपोआप. यात तीन ठिकाणी खडे लागतात. एक म्हणजे मुख्य भूमीवरच्या (अलास्का आणि हवाई सोडून) चार अक्षरी चिन्हात सुरुवातीला ‘के’ असतो, तीन अक्षरीत नसतो. तो आधी काढला नाही तर निम्मे विमानतळ सापडत नाहीत. दुसरा खडा एक्सेलचा. टेक्ससमधल्या डेल सिटीचं चिन्ह आहे ‘२ई५’. एक्सेल त्याला मोठ्या आकड्याचं संक्षिप्त रूप समजतं आणि दोन लाख करून ठेवतं. रकान्याचा प्रकार आधीच ‘टेक्स्ट’ करावा, डेटा नंतर ओतावा. उलट क्रमाने केलं तर मूळ चिन्ह गेलेलं असतं. तिसरा म्हणजे बंद पडलेले विमानतळ. शिकागोचं मेग्ज फील्ड २००३ साली गेलं, आजच्या यादीत ते मिळणार नाही. अशांची ओळ हातानेच भरायची.

आता भिंत. सगळ्यात मोहात पाडणारी कल्पना म्हणजे वैमानिक उड्डाणात वापरतात ते, देशाचा एकेक भाग दाखवणारे खरे ‘सेक्शनल’ नकाशे जोडून अख्खा देश लावणं. दर छप्पन्न दिवसांनी नवी आवृत्ती येते, त्यामुळे मुदत संपलेले नकाशे ढिगाने पडलेले असतात. पण प्रमाण पाच लाखाला एक. देशाची रुंदी साधारण साडेचार हजार किलोमीटर, म्हणजे भिंत हवी नऊ मीटर लांब आणि पाच मीटर उंच. शिवाय उत्तरेचा अर्धा भाग एका बाजूला आणि दक्षिणेचा पाठीमागे छापलेला असतो, म्हणजे प्रत्येक नकाशाच्या दोन प्रती लागतात. त्यातून पानापानाची उत्तर दिशा किंचित तिरपी होत जाते. पान थोडं वळवून चिकटवलं नाही तर पुढच्या पानावर रस्ते आणि नद्या तुटतात. ज्यांच्याकडे मोठा हँगर आणि सहनशील मित्र आहेत, त्यांनी करावं.

बाकीच्यांना नव्वद सेंटिमीटर रुंदीचा नकाशा आणि मागे कॉर्कचा तक्ता पुरतो. त्यावर ऱ्होड आयलंड जेमतेम बारा मिलिमीटर भरतं. गोल डोक्याच्या दोन टाचण्या खोचल्या की राज्य दिसेनासं होतं. यावर तोडगा म्हणजे ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या सहा राज्यांचा मोठा तुकडा अटलांटिकच्या रिकाम्या जागेत वेगळा लावणं. त्या कोपऱ्यात राज्यं मिळतातही स्वस्तात. ऱ्होड आयलंडमधलं वेस्टर्ली आणि कनेटिकटमधलं ग्रोटन यांच्यात अंतर अकरा नॉटिकल मैलांचं, म्हणजे जेमतेम वीस किलोमीटर. उलट टेक्सस! सेस्ना १७२ हे चार आसनी विमान घेऊन पश्चिम टोकाच्या एल पासोहून लुइझियानाच्या सीमेकडे निघा. पाच तास उडूनही खाली टेक्ससच, आणि रंगवायला राज्य एकच. म्हणून राज्यात गडद रंग भरणं काही पटत नाही. राज्याला फिका रंग, उतरलेल्या विमानतळावर गडद ठिपका आणि शेजारी साल, असं केलं तर नकाशा खरं बोलतो. साधं मार्कर उन्हात उडून जातं. रंगद्रव्याची शाई असलेलं पेन घ्यावं.

काहींना नकाशा विमानावरच हवा असतो. सामानाच्या कप्प्याच्या दाराची आतली बाजू त्याला सर्वांत निर्धोक. पंखांच्या आणि शेपटीच्या हलणाऱ्या पृष्ठभागांवर, म्हणजे एलेरॉन, एलेव्हेटर, रडरवर, काहीही चिकटवू नये. बिजागरीच्या मागे थोडं वजन वाढलं तरी तोल बिघडतो आणि वेगात फडफड सुरू होण्याचा धोका असतो. खिडकीवर तर नकोच. ती काच नसते, ॲक्रिलिक असतं. स्टिकर काढायला वापरलेल्या द्रावकाने त्यावर बारीक भेगांचं जाळं पडतं आणि ते पुसून जात नाही.

शेवटी उरतात दोन हट्टी राज्यं. अलास्काला विमान न्यायचं तर अलास्का हायवेच्या रेषेने कॅनडावरून हजार मैलांहून जास्त जावं लागतं आणि त्या साऱ्या वाटेत रंगवायला एकही राज्य नाही. शिवाय राज्याच्या कायद्याने संकटात तग धरण्याचं सामान विमानात बाळगावं लागतं. हवाई तर कॅलिफोर्नियापासून एकवीसशे नॉटिकल मैल. सेस्ना १७२ची धाव सहाशेच्या आसपास, तेव्हा विमान तिथेच भाड्याने घेतात आणि स्थानिक प्रशिक्षकाला शेजारी बसवतात. त्या प्रकारच्या विमानाचा परवाना असून उड्डाण स्वतःच्या हाताने केलं, तर प्रशिक्षक शेजारी असतानाही तो वेळ मुख्य वैमानिक म्हणून नोंदवता येतो, त्यामुळे लॉगबुकाची हरकत नाही. पण नकाशाचा नियम ‘स्वतःच्या विमानाने’ असा असेल, तर हवाईत सपाट रंग न भरता तिरप्या रेघा माराव्यात आणि खाली भाड्याच्या विमानाचा क्रमांक लिहावा.