आमची वाटचाल: हँगर गेला, टूलबॉक्स राहिला

आमचं काम छोट्या विमानांच्या पिस्टन इंजिनांच्या दुरुस्तीचं. सेस्ना १५२, १७२, अधूनमधून एखादी पायपर. सुरुवात मी आणि पार्टनरने केली, तो शीटमेटलवाला, मी इंजिनवाला, भाड्याची अर्धी शेड, एक कंप्रेसर आणि उसने आणलेले जॅक. पुढे धावपट्टीच्या कडेला लीजच्या जागेवर स्वतःचा हँगर, म्हणजे विमानांची मोठी शेड, बांधला, पार्टनर रिटायर झाला, काम चालू राहिलं. ती मधली वर्षं चांगली गेली त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता मुद्द्याचं. लोक सांगतात की विमानंच येत नव्हती म्हणून आमचं एअरफील्ड बंद पडलं आणि तिथे घरं झाली. साफ उलटं आहे. आधी अॅप्रोचखाली, विमानं उतरायला येतात त्या वाटेखाली, बंगले झाले, म्हणजे धावपट्टी आधीची, बंगले नंतरचे, आणि आवाजाच्या तक्रारी आमच्या नावाने. मग एका टोकाला उंच बिल्डिंग उठली, अॅप्रोच स्लोपमध्ये अडथळा आला म्हणून थ्रेशोल्ड, म्हणजे जिथून पुढे उतरायचं ती रेष, आत सरकवला. डांबर तेवढंच राहतं हो, पण उतरायला मिळणारी लांबी कमी होते आणि मग नवीन पोराला सोलो, म्हणजे एकट्याला उडायला, सोडायला इन्स्ट्रक्टर कचरतो. ट्रेनिंग स्कूल गेलं. स्कूल गेलं म्हणजे दर १०० तास उडल्यावर होणारी इन्स्पेक्शनं गेली, कारण खासगी मालक वर्षाला १०० तास क्वचितच उडतो, आमच्यासारख्यांचं पोट स्कूलच्या विमानांवर. मग अॅव्हगॅसचा, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचा, टँकर परवडेना, पंपाला कुलूप. आणि हे सगळं झाल्यावर कोणीतरी रिपोर्ट लिहिला की इथे ट्रॅफिक नाही, जागा घरांना द्यावी!

शिकागोच्या मेग्ज फील्डवर २००३ साली रातोरात बुलडोझर घालून रनवेवर फुल्या खणल्या, जगभर बोंब झाली. आमचा गळा हळूहळू आवळला गेला, त्याची बातमी होत नाही.

समोरच्या हँगरवाल्यांबद्दल मात्र लिहिणार. आमचाच धंदा, आमचीच गिऱ्हाइकं. त्यांना एअरफील्ड बंद होण्याची कुणकुण आमच्या बरीच आधी लागली होती, कशी ते विचारू नका. मेंटेनन्सचं अप्रूव्हल माणसाला नुसतं मिळत नाही, जागेला पण मिळतं, जागा बदलली की पुन्हा कागद, पुन्हा ऑडिट, आणि तोपर्यंत विमानावर रिलीजची, म्हणजे उडायला ठीक असल्याची, सही करता येत नाही. त्यांनी दुसऱ्या फील्डवर आधीच शेड घेऊन गुपचूप अप्रूव्हल काढून ठेवलं, आणि आम्ही विरोधाच्या मीटिंगांना जात होतो तेव्हा हे पुढच्या रांगेत बसून आमच्याबरोबर घोषणा देत होते. नोटीस आली त्या आठवड्यात आमच्याकडच्या विमानमालकांना त्यांचे फोन, "त्यांचं आता काही खरं नाही, तुम्ही आमच्याकडे या." आमच्या बेंचवर एक लायकमिंग इंजिन पूर्ण उघडलेलं, सिलेंडर एकीकडे, क्रँक एकीकडे, आणि त्याचा मालक म्हणतोय पार्ट बॉक्समध्ये भरून द्या, ते जोडून देणार आहेत. दुसऱ्याने उघडलेलं इंजिन जोडायला घेणारा माणूस मी तरी आजवर चांगला पाहिला नाही. दिलं भरून, प्रत्येक पार्टला टॅग लावून.

हँगर तर गेलाच. लीज संपली की बांधकाम जमीनमालकाचं, असं कलम होतं, त्यावर वकीलसुद्धा काही करू शकला नाही. जमीनमालकाने तो पाडून पत्रा भंगारात विकला. तुम्ही एअरफील्डवर काही बांधत असाल तर नटबोल्टचं बांधा, उचलून नेता येईल असं.

आम्हीही दुसऱ्या फील्डवर शेड घेतली, पण तिथलं अप्रूव्हल यायला इतका वेळ लागला की पगार कुठून द्यायचे कळत नव्हतं. त्या काळात एकच माणूस हलला नाही, आमचे डॉक्टर. त्यांची १९७४ची १७२, १५० हॉर्सपॉवरचं ओ-३२० इंजिन. सगळ्यांनी सांगितलं समोरच्यांकडे द्या, ते म्हणाले माझं विमान हाच उघडणार, तोपर्यंत उभं राहू दे. आता उभं ठेवणं म्हणजे काय ते आपल्याला माहितीये. लायकमिंगचा कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकच्या वर, तेल खाली निथळतं, कॅम कोरडा पडून गंज धरतो. म्हणून जायच्या आधी आम्ही गंज रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह तेल घालून, स्पार्क प्लगच्या जागी ओल शोषणारे डेसिकंट प्लग लावून ते झोपवलं. बाकीचे लोक दर रविवारी जागेवर स्टार्ट करून दहा मिनिटं फिरवत होते आणि आपण इंजिनाची काळजी घेतो असं समजत होते. अहो, तेवढ्यात तेल तापत नाही, ज्वलनातलं पाणी तेलातच राहतं, त्यापेक्षा हात न लावलेला बरा. फिरवायचंच तर उडवा, तेल ८० डिग्रीच्या पुढे जाऊन तासभर राहिलं पाहिजे.

अप्रूव्हल आलं त्या दिवशी पहिलं काम डॉक्टरांचं. सिलेंडर हवा किती धरून ठेवतो ते बघायला कंप्रेशन टेस्टर लावला, एका बाजूला ८० पीएसआय, दुसऱ्या बाजूची सुई बघायची. तीन सिलेंडर ७० च्या वर, चौथा ६४. सुई खाली दिसली की लगेच सिलेंडर काढायला धावू नका, आधी कान लावा. एक्झॉस्टमधून हिस्स आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आला तर इनटेक, ऑइल फिलरमधून आला तर रिंगा. एक्झॉस्टमधून येत होता, थोडासाच. डॉक्टर शेजारी उभे राहून स्वतः ऐकत होते, म्हणाले हे तर माझंच काम झालं. बोअरस्कोपने, सिलेंडरच्या आत बघायच्या बारीक नळीने, व्हॉल्व्ह बघितला, जळालेला नव्हता, उडवून आणून गरम इंजिनावर पुन्हा घेतलं तर ७३. कॅमसुद्धा ठीक होता. पुढे त्यांनीच फ्लाइंग क्लबातल्या चारचौघांना आमच्याकडे पाठवलं.

टॉर्क रेंच मात्र कोणालाही देत नाही, कॅलिब्रेशन करून आणलेला असतो आणि लोक वापरून झाल्यावर सेटिंग खाली न आणता तसाच पेटीत टाकतात, स्प्रिंग दाबलेली राहते.

समोरचेही आता इथेच आहेत, आमच्यापासून तिसरी शेड. परवा त्यांचा पोरगा आला, त्यांच्या कंप्रेशन टेस्टरचं कॅलिब्रेशन संपलं होतं, ऑडिटर दुपारी येणार होता. दिला टेस्टर. रजिस्टरमध्ये तारीख टाकून सही घेतली आणि संध्याकाळच्या आत परत पाहिजे म्हणून सांगितलं.